बेस डिग्रेडेशन: औषध अल्कलीत तोडायचं कसं आणि वेळेवर थांबवायचं कसं

बेस डिग्रेडेशन म्हणजे औषध मुद्दाम अल्कलीत तोडून पाहणं; त्यातून औषध कसं तुटतं आणि तपासणीची पद्धत औषध व त्याचे तुकडे वेगळे दाखवते का, ते कळतं. एम.फार्म.चे प्रबंध आणि नव्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ॲनालिस्टच्या नोंदवह्या तपासताना एक वाक्य मला वारंवार दिसतं: 'ड्रग १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशांवर २४ तास रिफ्लक्स केले; १०० टक्के डिग्रेडेशन आढळले.' या एका वाक्यात तीन चुका आहेत. पाण्यातलं द्रावण ८० अंशांना रिफ्लक्स होत नाही, म्हणजे वाफ थंड होऊन परत पडेल असं उकळत नाही; ते १०० च्या आसपास उकळतं. औषध पूर्ण संपलेल्या नमुन्यावरून पद्धत औषध आणि त्याचे तुकडे वेगळे दाखवते की नाही, हे कळतच नाही. आणि २४ तासांनंतर अल्कली कशाने, किती वेळात निष्प्रभ केली, याचा वाक्यात पत्ता नाही. माझ्या मते यातली तिसरी चूक सर्वांत महाग पडते.

खाली सगळी कृती क्रमाने दिली आहे. उदाहरण मुख्यतः ॲस्पिरिनचं घेतलं आहे. ते प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतं, आणि त्याचं अल्कलीतलं तुटणं शिकण्यासारखं आहे.

## टप्पा १: आधी कागदावर रेणू काढा

बाटली उघडण्याआधी रेणूची रचना काढा आणि हायड्रॉक्साइड आयन कुठे हल्ला करेल तिथे खूण करा. एस्टर, लॅक्टोन आणि बीटा-लॅक्टम या जागा पहिल्यांदा तुटतात. साधं अमाइड बरंच चिवट असतं. ॲस्पिरिन एस्टर आहे, त्यामुळे ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानालाही ते काही मिनिटांतच निम्म्याहून जास्त संपतं. पॅरासिटामॉल अमाइड आहे, त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही द्यावं लागतं. ओमेप्राझोल तर उलट्या स्वभावाचं: आम्लात झपाट्याने तुटतं आणि अल्कधर्मी द्रावणात त्या मानाने टिकतं. म्हणून त्याच्या गोळ्यांना आतड्यात विरघळणारा लेप देतात. तीन औषधांना एकच 'स्टँडर्ड कंडिशन' लावणाऱ्याला तीन निरुपयोगी क्रोमॅटोग्राम (घटक वेगळे करून दाखवणारे एचपीएलसी यंत्राचे आलेख) मिळतात.

तुटणं म्हणजे फक्त हायड्रॉलिसिस नव्हे, हेही याच कागदावर लिहा. ॲड्रेनालिनसारख्या कॅटेकॉलचं अल्कलीत हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन होतं, द्रावण आधी गुलाबी आणि मग तपकिरी दिसतं. पॅरासिटामॉलपासून सुटलेलं पॅरा-अमिनोफिनॉलही असंच काळवंडतं. पिलोकार्पिनची लॅक्टोन रिंग उघडतेच, शिवाय त्याचं आयसोपिलोकार्पिनही होतं. थॅलिडोमाइडचे दोन आरशातले रेणू पीएच वाढला की एकमेकांत अधिक वेगाने बदलतात, आणि एचपीएलसीच्या साध्या सी-१८ कॉलमवर ते अजिबात दिसत नाही.

आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू१ए(आर२) मार्गदर्शिका, २००३ पासूनची, हायड्रॉलिसिस पीएचच्या मोठ्या पट्ट्यात तपासा एवढंच सांगते. नॉर्मॅलिटी (अल्कलीची तीव्रता), तापमान, तास यातलं काहीही ती ठरवून देत नाही. 'गाइडलाइनप्रमाणे १ नॉर्मल' असं कुणी म्हणालं तर ते मार्गदर्शिकेतलं नाही. प्रत्यक्षात ५ ते २० टक्के विघटन हे लक्ष्य ठेवतात, आणि तिथे पोचायला लागेल तेवढीच अल्कली वापरायची.

तपासा: पुढच्या टप्प्याआधी तुमच्याकडे तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: तुटणारी जागा, अपेक्षित तुकडे, आणि त्या तुकड्यांचे रेणुभार.

## टप्पा २: अल्कली ताजी आणि मोजलेली हवी

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. म्हणून ४ ग्रॅम वजन करून लिटरभर केलं म्हणजे ०.१ नॉर्मल झालं, असं होत नाही. सुमारे ४.२ ग्रॅम घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करा. थॅलेट १२० अंशांना २ तास वाळवून ०.५१ ग्रॅम घेतलं, तर फिनॉल्फ्थॅलिनच्या फिकट गुलाबी रंगापर्यंत साधारण २५ मिलि ०.१ नॉर्मल द्रावण लागायला हवं.

द्रावण पॉलिथिनच्या बाटलीत ठेवा. काचेचा घासीव बूच अल्कलीने असा चिकटतो की बाटली फोडावी लागते. गरम, तीव्र अल्कली काचही खाते, त्यामुळे १ नॉर्मल आणि ६० अंशांच्या पुढे काम असेल तर झाकण असलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या वापरा.

याच वेळी तेवढ्याच नॉर्मॅलिटीचं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करा आणि या अल्कलीशी टायट्रेट करून घ्या. १० मिलि अल्कलीला किती मिलि आम्ल लागतं, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर हवा. सगळा प्रयोग या आकड्यावर उभा आहे, आणि बहुतेक वह्यांत तो नसतोच.

सावधान: गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं. डोळ्यांना गॉगल हवाच. अल्कलीचा थेंब डोळ्यात गेला तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ३: अल्कली पुरेल का, याचा हिशोब

या टप्प्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

ॲस्पिरिनचा रेणुभार १८०.१६. म्हणजे मिलिलिटरला १ मिग्रॅ द्रावण ५.५५ मिलिमोलर झालं. ॲस्पिरिन अल्कलीचे दोन भाग खातं: एक त्याच्या कार्बोक्झिलिक आम्लाला, तो क्षणात, आणि दुसरा एस्टर तुटल्यावर सुटणाऱ्या असिटिक आम्लाला. पूर्ण विघटनाला ११.१ मिलिमोलर अल्कली लागते.

आता तीच तीव्रता ०.०१ नॉर्मल, म्हणजे १० मिलिमोलर अल्कलीत घ्या. पहिले ५.५५ मीठ बनवण्यातच गेले. उरले ४.४५, त्यात जेमतेम ८० टक्के औषध तुटू शकतं, आणि तेही दर क्षणाला मंदावत. विद्यार्थी लिहितो, 'अभिक्रिया सुरुवातीला जलद, नंतर स्थिर.' स्थिर काही झालेलं नसतं, फक्त अल्कली संपलेली असते! असा आलेख एका व्हायवात माझ्यासमोर आला होता आणि त्याला 'दोन टप्प्यांची यंत्रणा' असं नाव दिलेलं होतं. मुलीने मेहनत प्रामाणिक केली होती, फक्त हा चार ओळींचा हिशोब तिला कुणी सांगितला नव्हता.

उलट ०.२ मिग्रॅ प्रति मिलि द्रावण ०.१ नॉर्मलमध्ये घेतलं, तर १०० पैकी फक्त २.२ मिलिमोलर खर्च होते. अल्कली जवळजवळ तेवढीच राहते, म्हणून अभिक्रिया पहिल्या कोटीची (वेग फक्त औषधाच्या तीव्रतेवर अवलंबून) असल्यासारखी वागते आणि लॉग-तीव्रता विरुद्ध वेळ हा आलेख सरळ येतो. वेगस्थिरांक काढायचा असेल तर अल्कली अशी भरपूर जास्त हवी. पण इतक्या तीव्र अल्कलीत ॲस्पिरिन फार भराभर जातं आणि नमुने काढायला उसंत मिळत नाही. ५ ते २० टक्क्यांवर थांबायचं असेल तर पीएच ९ ते १० चा बफर घ्या. तिथे हिशोब तासांचा होतो आणि पीएचही जागेवर राहतो.

तपासा: औषधाचे मिलिमोल × तुटणाऱ्या आणि आम्लधर्मी गटांची संख्या. वेगाचा अभ्यास असेल तर अल्कली याच्या किमान २० पट हवी, निव्वळ स्ट्रेससाठी, म्हणजे औषध फक्त तोडून पाहायला, काही पट जास्त असली तरी चालतं.

## टप्पा ४: औषध विरघळलंय ना?

अमाइनचे हायड्रोक्लोराइड पाण्यात छान विरघळतात, पण अल्कली पडली की मुक्त बेस सुटतो आणि द्रावण गढूळ होतं. मग औषध तळाशी बसलेलं आणि अल्कली वर. पुढे हा नमुना गाळला की औषध फिल्टरवर राहतं, क्रोमॅटोग्रामवरचं त्याचं शिखर, म्हणजे पीक, लहान येतं आणि वहीत '३० टक्के डिग्रेडेशन' लिहिलं जातं. नवा पीक एकही नाही आणि औषध कमी झालंय, असं दिसलं की पहिला संशय फिल्टरवर घ्या.

उपाय म्हणजे सहद्रावक. इथे बहुतेकांचा हात सवयीने मिथेनॉलकडे जातो. एस्टर असलेल्या औषधाला अल्कलीत मिथेनॉल देऊ नका. अल्कलीत मिथेनॉल स्वतः एस्टरवर हल्ला करतं आणि गोळीत कधीच न होणारा मिथाइल एस्टर तुमच्या क्रोमॅटोग्राममध्ये उगवतो. त्यापेक्षा असिटोनायट्राइल बरं, पण तेही तीव्र आणि गरम अल्कलीत फार काळ ठेवलं तर स्वतः हायड्रोलाइज होतं. जितकं कमी लागेल तितकंच वापरा, आणि तेवढंच ब्लँकमध्येही (औषध नसलेल्या नळीत) घाला.

## टप्पा ५: पाच नळ्या एकदम लावा

एकट्या औषधाच्या नळीवरून काहीच सांगता येत नाही. एकाच वेळी, एकाच वॉटर बाथमध्ये या लावा:

१. द्रावक + अल्कली, औषध नाही.
२. द्रावक + औषध, अल्कलीऐवजी पाणी.
३. औषध + अल्कली, पण अल्कली आधीच आम्लाने निष्प्रभ केलेली. हा शून्य मिनिटांचा नमुना.
४. औषध + अल्कली, खरा नमुना.
५. गोळी असेल तर प्लासिबो (औषधाविना गोळीतले बाकीचे घटक) + अल्कली.

पाचवी नळी कंटाळा आला म्हणून सोडू नका. लॅक्टोजसारखी साखर गरम अल्कलीत स्वतःच पिवळी-तपकिरी पडते आणि तिचे पीक औषधाच्या नावावर जमा होतात.

तिसऱ्या नळीत क्रम महत्त्वाचा: आधी अल्कली, तिच्यावर आम्ल, शेवटी औषध. औषध आधी पडलं तर तो नमुना शून्य मिनिटांचा राहत नाही.

## टप्पा ६: सौम्यापासून सुरुवात, आणि घड्याळ

पहिली चाचणी खोलीच्या तापमानाला करा. एस्टर, लॅक्टोन किंवा बीटा-लॅक्टम असेल तर पीएच ९ ते १० च्या बफरपासून, अमाइड असेल तर ०.१ नॉर्मलपासून. नमुने ० मिनिटं, १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तासांना काढा. काहीच झालं नाही तर आधी वेळ वाढवा, मग तापमान ६० अंशांपर्यंत, आणि शेवटी नॉर्मॅलिटी १ पर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदला. १ नॉर्मल, ६० अंश आणि आठवडाभर एवढं करूनही औषध तुटत नसेल, तर ते अल्कलीत स्थिर आहे असं लिहा. तोही निष्कर्षच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

गरम करायचं असेल तर औषधाचं द्रावण आणि अल्कली वेगवेगळे तापवून मग मिसळा. थंड मिसळून बाथमध्ये ठेवलं, तर पहिली काही मिनिटं नळी तापण्यातच जातात आणि त्या काळातला वेग कुठल्याच तापमानाचा नसतो.

एक बारकावा सांगतो. ६० अंशांना पाण्याचा पीकेडब्ल्यू (पाणी किती आयन देतं ते सांगणारा आकडा) १४ वरून १३ च्या आसपास येतो. म्हणजे ०.१ नॉर्मल अल्कलीचा पीएच तिथे १३ नसून सुमारे १२ असतो, हायड्रॉक्साइड मात्र तेवढंच. म्हणून तीव्र अल्कलीच्या नोंदीत पीएच नव्हे, नॉर्मॅलिटी लिहा. बफर असेल तर पीएच कोणत्या तापमानाला मोजला तेही लिहा.

## टप्पा ७: थांबवणं

नमुना बाहेर काढला म्हणजे अभिक्रिया थांबली, असं नसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहा नमुने निष्प्रभ न करता थेट व्हायलमध्ये भरून रात्रीच्या सीक्वेन्सला (एकामागून एक आपोआप होणाऱ्या इंजेक्शनांच्या रांगेत) लावले. सकाळी पाहिलं तर शेवटच्या नमुन्यात विघटन सर्वांत जास्त. मला वाटलं, वेळेनुसार किती सुंदर वाढतंय! प्रत्यक्षात तो ऑटोसॅम्पलरमध्ये सर्वांत जास्त वेळ थांबला होता. आठवडाभराचं काम पुन्हा करावं लागलं, आणि तेव्हापासून मी ही पायरी कुणालाही गाळू देत नाही.

कृती अशी. १० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी बरोब्बर लागेल तेवढं आम्ल घालून बर्फात ठेवा. ०.१ नॉर्मलच्या १ मिलि नमुन्याला ०.१ नॉर्मल आम्ल १ मिलि, टप्पा २ मधल्या आकड्याने दुरुस्त करून. ठरलेल्या वेळी नमुना पिपेटने या आम्लात सोडा. आम्ल नमुन्यात नव्हे, नमुना आम्लात. पिपेट निम्मी रिकामी झाली तो क्षण म्हणजे तुमची वेळ. मग आम्लधर्मी मोबाइल फेजने (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाने) खुणेपर्यंत भरा. ॲस्पिरिन पीएच २.५ च्या आसपास सर्वांत टिकाऊ असतं, तेव्हा पीएच ३ च्या जवळ आणून ठेवलं की ते बरंच स्वस्थ राहतं. उदासीन पीएच ७ ला आणून निर्धास्त होऊ नका: तिथेही त्याचं हायड्रॉलिसिस चालूच असतं, कारण त्याचा स्वतःचा कार्बोक्झिलेट गट ते घडवून आणतो.

पण 'आम्ल जास्त झालं तरी चालेल' हा नियम सगळ्यांना लावू नका. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनची लॅक्टोन रिंग अल्कलीत उघडून हायड्रॉक्सी आम्ल होतं, आणि आम्लात ते पुन्हा मिटून लॅक्टोन होऊ शकतं. जास्त आम्ल घातलं की विघटन पुसलं जातं आणि औषध टणक असल्याचा भास होतो. अशा औषधांना सौम्य बफरने पीएच ४ ते ५ पर्यंत आणा, थंड ठेवा आणि लगेच इंजेक्ट करा.

तपासा: पीएच आधी पहिल्या नळीच्या, म्हणजे ब्लँकच्या नमुन्यावर मोजा. तो बरोबर आला तरच खऱ्या नमुन्याला हात लावा. आणि निष्प्रभ केलेला एक नमुना ० आणि १२ तासांनी दोनदा इंजेक्ट करा. आकडे जुळले तर थांबवणं जमलं.

सावधान: निष्प्रभ न केलेली अल्कली कॉलममध्ये गेली तर सिलिका विरघळते. नेहमीच्या सी-१८ कॉलमची मर्यादा पीएच २ ते ८ आहे. बंद, गरम नळी थंड झाल्याशिवाय उघडू नका.

## टप्पा ८: क्रोमॅटोग्राम वाचणं

सगळे तुकडे ओळखीचे मानू नका. मोबाइल फेजचा पीएच आणि त्यातले घटक बदलले की ॲस्पिरिनचा तुकडा असलेलं सॅलिसिलिक आम्ल ॲस्पिरिनच्या आधीही येऊ शकतं आणि नंतरही. प्रमाण सॅलिसिलिक आम्ल इंजेक्ट करूनच नाव द्या. हायड्रॉलिसिसचे लहान, ध्रुवीय तुकडे अनेकदा मिठाच्या पीकसोबत अगदी सुरुवातीला निघून जातात. तिथे काही लपलंय का, ते पहिल्या नळीच्या ब्लँकवर ठेवून पाहा.

पीक प्युरिटी (पीकमध्ये एकच घटक आहे का, ही तपासणी) पास झाली म्हणजे पीक शुद्ध, असंही नाही. तुकड्याचा यूव्ही स्पेक्ट्रम औषधासारखाच असेल तर यूव्ही स्पेक्ट्रम पाहणाऱ्या पीडीए डिटेक्टरला दोघे एकच दिसतात. मोबाइल फेजचं प्रमाण बदलून किंवा शक्य असेल तर मास डिटेक्टरवर एकदा खात्री करा.

## टप्पा ९: मास बॅलन्स

इथे पुन्हा हिशोब: उरलेलं औषध आणि तुकडे मिळून सुरुवातीएवढे भरतात का. मिलिलिटरला १ मिग्रॅ ॲस्पिरिनमधलं २० टक्के तुटलं. ०.८ मिग्रॅ औषध उरलं. तुटलेल्या ०.२ मिग्रॅपासून सॅलिसिलिक आम्ल किती? रेणुभार १३८.१२, म्हणून ०.२ × १३८.१२ ÷ १८०.१६ = ०.१५३ मिग्रॅ. बेरीज ०.९५३. '९५ टक्केच सापडलं, ५ टक्के गायब' असं लिहून विद्यार्थी दुसऱ्या तुकड्याच्या शोधात निघतो. गायब काहीच नाही: उरलेलं असिटिक आम्ल आहे, जे २७६ नॅनोमीटरला दिसतच नाही. मोलमध्ये मोजलं की बेरीज १०० भरते.

दुसरी गफलत एरिया टक्क्यांची. ॲस्पिरिनचं शोषण २७६ नॅनोमीटरजवळ, सॅलिसिलिक आम्लाचं आम्लधर्मी द्रावणात ३०३ जवळ. एकाच तरंगलांबीवर दोघांचा प्रतिसाद सारखा नसतो, म्हणून एरियाचे टक्के म्हणजे प्रमाणाचे टक्के नव्हेत. प्रत्येकाची स्वतंत्र प्रमाणरेषा काढा, किंवा रिस्पॉन्स फॅक्टर (प्रतिसादातल्या फरकाची दुरुस्ती) लावा.

एचपीएलसी नसेल तर फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग ५३० नॅनोमीटरच्या आसपास मोजून सुटलेलं सॅलिसिलेट काढता येतं. मात्र नमुना आधी आम्लधर्मी करा. अल्कली शिल्लक असेल तर फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबूस गाळ बसतो आणि वाचन बिघडतं.

## टप्पा १०: वहीत काय हवं

अल्कलीची प्रमाणित नॉर्मॅलिटी आणि तिची तारीख, औषधाची अंतिम तीव्रता मिसळल्यानंतरची, सहद्रावकाचे टक्के, बाथचं प्रत्यक्ष मोजलेलं तापमान, नमुना आम्लात पडल्याची वेळ, निष्प्रभ केल्यावरचा पीएच, आणि इंजेक्शनची वेळ. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर प्रत्येक नमुन्यासाठी वेगळं लिहा.

या प्रयोगातल्या वेगस्थिरांकावरून गोळीची शेल्फ लाइफ काढू नका. गोळीत ०.१ नॉर्मल अल्कली नसते, तिथलं तुटणं वेगळ्या वाटेने होतं, आणि त्यासाठी स्थिरता कक्षेतले महिने घालवावेच लागतात.

सीक्वेन्स संपला की कॉलम आधी पाणी आणि असिटोनायट्राइलच्या मिश्रणाने, मग वाढत्या असिटोनायट्राइलने धुवा. निष्प्रभ केल्याने तयार झालेलं मीठ आत राहिलं तर पुढच्या माणसाला दाब वाढलेला मिळतो. उरलेले निष्प्रभ नमुने नाव, वेळ आणि पीएचच्या चिठ्ठीसह फ्रीजमध्ये ठेवा, आणि क्रोमॅटोग्रामवर तपासणाऱ्याची सही होईपर्यंत फेकू नका.